रुमालाखाली

अण्णांच्या उजव्या हाताची नखं मी कधी पांढरी पाहिली नाहीत.
साबण, राख, लिंबू, सगळं हरलं.
सांगलीच्या मार्केट यार्डात बेचाळीस वर्षं
हळकुंड कानाशी धरून मोडायचं,
कट् वाजलं तर वाळलेलं,
दबकं वाजलं तर आत ओल,
मग मोडलेल्या तोंडाचा रंग, मग वास,
मग रुमालाखाली व्यापाऱ्याचा हात धरून
बोटांनी भाव.
आई म्हणायची, माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत.

गेल्या माघात विश्रामबागेतून एक मुलगा आला,
नम्र, पायात मोजे, चहाला नाही म्हणाला नाही.
कॅमेऱ्यासमोर मोडा, म्हणाला, आणि फक्त सांगा:
एक नंबर, दोन नंबर, भेसळ, कीड.
हळकुंडामागे चाळीस पैसे.
अठरा हजार हळकुंडं मोडली अण्णांनी.
मी शेजारी बसून टाइप करत होते.
सात हजार दोनशे रुपये झाले, वर एक शाल,
आणि आख्ख्या वखारभागात आम्ही पेढे वाटले.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात
ते हेच असावं.

आता सौदा निघण्याआधीच सौदा झालेला असतो.
पोत्याचं तोंड उघडलं की फोन बघतो,
फोन कुणाला तरी सांगतो,
तो कुणीतरी सांगलीत राहत नाही.
पाच खरेदीदार उभे असतात, सवयीनं,
पाचांच्या खिशात एकच पारखी, भाड्यानं घेतलेला,
आणि पाचही जण एकच आकडा बोलतात.
पूर्वी पाच जण असे बोलले तर
त्याला संगनमत म्हणायचे, तक्रार करता यायची.
आता अचूकता म्हणतात.

आम्ही धुतल्या तांदळाचे नव्हतो, हे अण्णाच सांगतात.
रुमालाखाली काय काय दबलं ते बोटांना ठाऊक.
येडेनिपाणीच्या सुगंधा मोकाशींना
पहिल्या वर्षी यंत्रानं जो भाव दिला
तो अण्णांनी जन्मात दिला नसता.
(बाई हळद वाळवते सोन्यासारखी, पण तोंडाळ.)
भडंगाचा पुडा घेऊन आली होती घरी.
दुसऱ्या वर्षी भाव पडला.
तिनं यार्डाच्या मधोमध ओरडायला तोंड उघडलं
आणि कुणाच्या अंगावर ओरडायचं तेच सापडेना.
शेवटी अण्णांवर ओरडली.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
बऱ्याच दिवसांनी कुणी कामाचं बोललं होतं.

ते अठरा हजार वेळा वाजलेलं कट्
आता कुठल्या कुठल्या यार्डांत वाजत असेल,
दर वेळी कुणाच्या तरी खात्यात थेंब पडत असेल.
थेंबे थेंबे तळे साचे, खरंय,
तळं कुठल्या गावात ते म्हणीत नाही.
अण्णांनी विचारलं मुलाला:
पोत्यामागं एक पैसा दे, माझ्या कानाचा.
मुलगा खरंच ओशाळला. वर विचारतो, म्हणाला.
अण्णांनी आढ्याकडे पाहिलं.

हरिपूरच्या पेवांत तरुणपणी उतरलेला माणूस हा.
जमिनीखाली काळोखात हळद झोपलेली असायची,
झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर आत हवा नाही. थांबायचं.
पी हळद नि हो गोरी करणारे दोघे
त्यांनी स्वतःच्या हातानं वर काढले होते,
पिवळेजर्द.
"तुझ्या मशिनीत कंदील सोडलावता का कुणी?"
मुलानं ते फोनमध्ये लिहून घेतलं.
चांगलं वाक्य आहे, म्हणाला.

काल रात्री लाइट गेली.
अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला,
खाली बोटं धरली:
आधी काही बोटं, मग थांबून एक, मग मूठ.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भाव सांगितला.
कशाचा, ते विचारावं लागलं नाही.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही.
लिहिलेलं सगळं वाचलं जातं.